छोटं कुत्रं, मोठा खर्च: दोनशे वर्षांचा हिशोब

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याच्या ओघातले काही ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ मुद्दामच तसेच ठेवले आहेत.)

 

आजच्या विषयाची सुरुवात एका फोनपासून झाली. माझी धाकटी बहीण नाशिकला असते. गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला तिचा फोन आला. म्हणाली, ‘दादा, ओमला पग हवाय. तुमच्याकडे लाडू होता ना, मग मला नीट सांग, महिन्याला खर्च किती येतो?’

प्रश्न अगदी साधा. मी म्हटलं, ‘थांब, वही काढतो.’ कारण आमच्याकडे खरंच वही आहे. लाडू घरी आला तेव्हा बायकोने एक दोनशे पानी वही घातली होती. पहिल्याच पानावर लिहिलंय: पिल्लू, बारा हजार. खाली लसी, जंताचं औषध, पट्टा, खाण्याचं भांडं. मी वही उघडली आणि वाचत गेलो. पंधरा मिनिटांनी बहीण म्हणाली, ‘अरे, आहेस ना फोनवर?’

मी तिला म्हटलं, ‘मनू, आकडा सांगतो, पण उद्या. आधी मला हे समजून घ्यायचंय की या लहानशा जिवावर एवढा खर्च का होतो.’ आणि मग तो ‘उद्या’ चांगला तीन आठवडे लांबला. कारण हा हिशोब आमच्या वहीच्या बराच आधी सुरू झालेला आहे, तोही आपल्याकडे नाही, इंग्लंडात. तर आज तोच उलगडून बघूया.

कुशीतलं कुत्रं

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. माणसाने कुत्रं पाळलं ते कामासाठी. शिकार, राखण, मेंढरं वळणं. धनगराचं कुत्रं रात्रभर कळपाभोवती फिरतं, त्याच्या भाकरीचा खर्च कुणी मोजत नाही. तो खर्च नसून त्याची मजुरी असते.

पण मांडीवर बसणारं कुत्रं? ते काय काम करतं?

हा प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरलाही पडला होता. त्याचं नाव जॉन कायस. इंग्लंडच्या राजघराण्याचा वैद्य, केंब्रिजचा विद्वान. त्याने 1570 साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. 1576 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. त्यात शिकारी कुत्रे आहेत, राखणीचे आहेत आणि श्रीमंत बायकांच्या कुशीतले इवलेसे स्पॅनियलही आहेत. जितकं लहान तितकं त्याचं कौतुक जास्त, असं तो सांगतो, आणि त्यावर टीकाही करतो. पण शेवटी वैद्यच ना! एक उपयोग तो मान्य करतो: पोट दुखत असेल तर असं कुत्रं पोटाशी धरावं, ऊब मिळते. म्हणजे गरम पाण्याची पिशवी म्हणा.

थोडक्यात काय, लहान कुत्रं हे तेव्हापासूनच ‘परवडतं’ हे दाखवण्याचं साधन होतं. जे काही कमावत नाही, त्याला पोसायची ऐपत आहे, हे जगाला दिसतं. ही गोष्ट सरकारच्या नजरेतून सुटेल का? नाही सुटली.

कुत्र्यावर कर

साल 1796. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू आहे. आदल्या वर्षी पीक बुडालेलं, ब्रेडचे भाव गगनाला भिडलेले, गावोगाव दंगे. अशा वेळी जॉन डेंट नावाचा एक खासदार संसदेत उभा राहिला आणि म्हणाला, कुत्र्यांवर कर लावा. त्याचं म्हणणं असं की माणसांच्या तोंडचं अन्न कुत्री खातायत आणि वर पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका आहेच.

लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. व्यंगचित्रं निघाली आणि बिचाऱ्याचं नावच ‘डॉग डेंट’ पडलं. पण खजिना रिकामा होता. पंतप्रधान पिट यांनी कल्पना उचलली, थोडी बदलली आणि कर लागू झाला. गरिबाकडे एकच, शिकारीचं नसलेलं कुत्रं असेल तर त्याला सूट होती.

पुढे 1867 मध्ये याऐवजी परवाना आला. कुत्र्यामागे वर्षाला पाच शिलिंग. 1878 मध्ये तो साडेसात शिलिंग झाला. आणि आता गंमत ऐका. तो साडेसात शिलिंगच राहिला! दोन महायुद्धं झाली, साम्राज्य गेलं, शिलिंग हे नाणंच बंद झालं, नव्या हिशोबात त्याचे साडेसदतीस पेन्स झाले. मग 1984 मध्ये अर्धा पेनीही चलनातून गेला, म्हणून 37 पेन्स. 1987 मध्ये परवाना रद्द केला तेव्हाही शुल्क तेवढंच होतं. तोवर निम्मेअधिक लोक परवाना काढतही नव्हते.

जर्मनीतले आपले श्रोते म्हणतील, आमच्याकडे हा कर अजून आहे. बरोबर. तिथे नगरपालिका आजही कुत्र्यामागे वर्षाला कर घेतात आणि बऱ्याच गावांत दुसऱ्या कुत्र्याला जास्त.

हे सगळं मी का सांगतोय? कारण इथवरचा खर्च सरळ आहे. तुम्ही हौस केलीत, तुम्ही पैसे भरा. खर्च मालकाच्या खात्यावर. कुत्र्याला त्याची झळ नाही. पुढे हे बदललं.

बिस्किटं आणि बक्षिसं

1860 च्या आसपास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन होता. धंदा काय, तर विजेपासून घर वाचवणारे तडितरक्षक विकणं. त्याने पाहिलं की गोदीतली भटकी कुत्री जहाजावरची टाकून दिलेली कडक बिस्किटं खातायत. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून त्याने कुत्र्यांसाठी खास बिस्किटं बनवली. कुत्र्यासाठी तयार खाणं विकण्याचा मोठा धंदा इथून उभा राहिला. तोवर कुत्रं घरातलं उरलंसुरलं खायचं. आता त्याच्या खाण्याचा वेगळा खर्च आला. आमच्या वहीतली दर महिन्याची ती मोठी नोंद आहे ना, तिचा मूळपुरुष हा स्प्रॅट.

त्याच्या कंपनीत एक तरुण नोकरीला लागला, चार्ल्स क्रफ्ट. बिस्किटं विकायची तर श्रीमंत कुत्रेवाले एका जागी भेटायला हवेत, हे त्याने ओळखलं. कुत्र्यांच्या स्पर्धा तोवर सुरू झाल्या होत्या. 1859 मध्ये न्यूकॅसलला शिकारी कुत्र्यांची एक स्पर्धा झाली, बक्षीस होतं बंदूक. 1873 मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. क्रफ्टने 1891 मध्ये स्वतःच्या नावाची स्पर्धा भरवली. ‘क्रफ्ट्स’ ही स्पर्धा आजही दर वर्षी भरते.

आता नीट बघा, काय बदललं ते. पूर्वी कुत्र्याची पारख त्याच्या कामावरून व्हायची. पळतो का, वास काढतो का, राखण करतो का. आता परीक्षक टेबलाशी उभा, हातात नियमावली: नाक किती, कपाळ कसं, डोळे केवढे. जे कुत्रं जिंकतं, त्याच्या पिल्लांना भाव. जे लक्षण बक्षीस मिळवून देतं, ते पुढच्या पिढीत आणखी ठळक करायचं. थोडं आखूड नाक आवडलं ना? मग आणखी आखूड. मग त्याहून आखूड. आणि ‘थांबा’ म्हणणारं कुणी नाही, कारण स्पर्धेत कुत्र्याला धावायचंच नव्हतं.

‘लूटी’ नावाची कुत्री

मांडीवरच्या या कुत्र्यांमध्ये एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ऑक्टोबर 1860. दुसरं अफूयुद्ध. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा पेकिंगजवळ पोचल्या. ब्रिटिश फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या शीख आणि पंजाबी पलटणी मोठ्या संख्येने होत्या. बादशहाचा उन्हाळी राजवाडा, युआनमिंगयुआन, त्यांनी लुटला आणि काही दिवसांनी लॉर्ड एल्गिनच्या हुकुमावरून जाळला. कारण दिलं गेलं की चिनी दरबाराने पकडलेल्या दूतांचे हाल करून काहींना मारलं. हाच एल्गिन पुढे दोन वर्षांत आपला व्हाइसरॉय होऊन आला आणि 1863 मध्ये धरमशाळेला वारला.

तर त्या लुटीत रेशीम, जेड, घड्याळं, चिनी मातीची भांडी आणि पाच पेकिनीज कुत्री मिळाली. त्यातली एक कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याने आणली आणि 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. या डनने मोहिमेवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘फ्रॉम कलकत्ता टू पेकिन’ आहे.

आणि त्या कुत्रीचं नाव काय ठेवलं? ‘लूटी’!

हो, आपलाच शब्द. लूट. इंग्रजीत तो हिंदुस्थानातून गेला. आपण दसऱ्याला सोनं लुटतो, तीच लूट. इंग्रजांनी इथला शब्द उचलला, चीनमधून कुत्री उचलली आणि दोन्ही एकत्र करून राणीच्या दिवाणखान्यात ठेवली. लाज वगैरे काही वाटल्याचं दिसत नाही. राणीने तिचं चित्रही काढून घेतलं, काइल नावाच्या चित्रकाराकडून. लूटी 1872 पर्यंत जगली.

ते चित्र शोधून पाहा. लाल गादीवर बसलेली छोटीशी कुत्री आहे. तिचा चेहरा आजच्या पेकिनीजइतका चपटा नाही. नाक दिसतं, तोंड दिसतं. आजचा पेकिनीज तिच्या शेजारी ठेवला तर वाटेल, कुणीतरी त्याचं तोंड आत ढकललंय.

पगचंही तेच. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने 1745 मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात त्याच्याबरोबर त्याचा पग बसलाय. त्याचं नाव ट्रम्प. (हसू नका, खरंच!) तो पग पाहिलात तर तुम्ही म्हणाल, हा पग कुठे आहे? पाय लांब, तोंड पुढे आलेलं. ओळखूही येत नाही.

म्हणजे हे चेहरे निसर्गाने दिलेले नाहीत. गेल्या दीड-दोनशे वर्षांत आपण घडवलेत.

पंचवीस पौंडांचं नाक

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. मला स्वतःला हा माहीत नव्हता.

व्हिक्टोरिया लहान असताना तिचा एक लाडका कुत्रा होता, डॅश. किंग चार्ल्स स्पॅनियल जातीचा. 1838 मध्ये राज्याभिषेक उरकून ती राजवाड्यात परतली आणि त्याच दिवशी तिने डॅशला अंघोळ घातली, अशी नोंद आहे. डॅशची चित्रं आहेत. त्याला चांगलं लांब नाक होतं. पण तिची कारकीर्द संपेपर्यंत या जातीचं नाक जवळजवळ गायब झालं होतं. फॅशन!

1926 मध्ये रॉसवेल एल्ड्रिज नावाचा एक वयस्क अमेरिकन लंडनला आला होता. त्याने जुन्या चित्रांत पाहिले होते तसे स्पॅनियल त्याला हवे होते. तसं एकही कुत्रं त्याला मिळेना. तेव्हा त्याने क्रफ्ट्समध्ये स्वतःच्या खिशातून बक्षीस जाहीर केलं: जुन्या चित्रांतल्यासारखं लांब तोंडाचं कुत्रं आणा, उत्तम नराला पंचवीस पौंड, उत्तम मादीला पंचवीस पौंड. पाच वर्षं हे बक्षीस चालणार होतं.

ब्रीडर आधी वैतागले. ज्या लांब नाकाच्या पिल्लांना ते सदोष म्हणून बाजूला काढत होते, तीच आता आणायची? पण पंचवीस पौंड त्या काळी लहान रक्कम नव्हती. लोकांनी आणली. 1928 मध्ये ‘ॲन्स सन’ नावाच्या कुत्र्याने बक्षीस मिळवलं, त्याच्यावरून जातीचा नमुना ठरला आणि नव्या जातीला नाव मिळालं: कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. एल्ड्रिज मात्र ते पाहायला राहिला नाही, त्याच वर्षी तो वारला. 1945 मध्ये केनेल क्लबने जातीला मान्यता दिली.

याचा अर्थ लक्षात येतोय का? शेकडो वर्षं जे नाक होतं, ते फॅशनने काही दशकांत घालवलं. आणि एका माणसाच्या पंचवीस पौंडांनी ते दोन-तीन वर्षांत परत आणलं. पैसा ज्या दिशेला वाहतो, त्या दिशेला कुत्र्याची कवटी जाते.

पण ही गोष्ट ‘आणि सगळे सुखाने नांदू लागले’ अशी संपत नाही. नवी जात मोजक्याच कुत्र्यांपासून वाढवली गेली. जवळच्या नात्यात वीण होत राहिली. नाक परत आलं, पण रक्तातला दोष पसरत गेला. आज दहा वर्षांच्या आसपासच्या बहुतेक कॅव्हेलियर कुत्र्यांच्या हृदयाची झडप बिघडलेली असते. दुसरा आजार आणखी वाईट. कवटीची मागची बाजू मेंदूला अपुरी पडते, दाब येतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. असं कुत्रं चालता चालता थांबून हवेतच मान खाजवतं. लोकांना ते गोड वाटतं. ती वेदना असते.

2008 मध्ये बीबीसीने यावर एक माहितीपट दाखवला. इतका गदारोळ झाला की त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच थांबवलं. जानेवारी 2022 मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने ठरवलं की कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉग यांची पैदास नॉर्वेच्या प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही. बुलडॉगवरची बंदी अपिलात उठली, पण 2023 मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरवरची बंदी कायम ठेवली. नेदरलँड्सने तर मोजपट्टीच लावली: तोंडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल, तर त्या कुत्र्याची वीण करायची नाही.

नाक आखूड झालं की काय होतं

आता थोडं शास्त्र, सोप्या भाषेत.

कवटी आखूड केली म्हणून आतलं मांस आखूड होत नाही. तीच जीभ, तोच टाळू, तेवढेच बेचाळीस दात, पण जागा निम्मी. छोट्या डब्यात मोठी चादर कोंबल्यासारखं. टाळूचा मऊ भाग लांब राहतो आणि श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. नाकपुड्या चिरेसारख्या बारीक. डोळ्यांच्या खोबणी उथळ, म्हणून डोळे बाहेर आलेले आणि लगेच इजा होणारे. चेहऱ्यावर घड्या, घड्यांत ओल, ओलीत संसर्ग. दात एकमेकांवर चढलेले.

आणि मुख्य म्हणजे कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते गार होतं ते धापा टाकून. ज्याला नीट श्वासच घेता येत नाही, ते गार कसं होणार? म्हणूनच अनेक विमान कंपन्या चपट्या तोंडाची कुत्री सामानाच्या कक्षातून नेत नाहीत.

बाळंतपणाचंही ऐका. डोकं मोठं, कंबर अरुंद. 2010 मध्ये ब्रिटनमधल्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फ्रेंच बुलडॉगच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त विणी सिझेरियनने झाल्या होत्या. बॉस्टन टेरियरच्या तर नव्वद टक्क्यांहून जास्त. डॉक्टरच्या सुरीशिवाय ज्या जाती एका पिढीच्या पुढे जाऊ शकत नाहीत, त्यांची पिल्लं महाग का, याचं एक उत्तर इथे आहे.

मग तो आपल्याकडे आला

2003. टीव्हीवर हच कंपनीची जाहिरात आली. एक लहान मुलगा आणि त्याच्या मागे मागे चालणारा पग. तो जाईल तिथे हा. ना भाषण, ना आकडे. ती जाहिरात आठवत नाही असा त्या वेळचा माणूस सापडणार नाही. पगचं नावच लोकांनी ‘हचचा कुत्रा’ करून टाकलं. पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात, छोट्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लोकांना वाटलं, हा आपल्या घरात मावेल. मागणी झपाट्याने वाढली आणि ती भागवायला गल्लीबोळांत पैदास सुरू झाली.

इंग्लंडच्या ओल्या गारव्यात वाढवलेला चेहरा आता जळगावच्या आणि नागपूरच्या मे महिन्यात आला.

2016 मध्ये केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणणं बंद केलं. 2017 मध्ये पैदास आणि विक्रीचे नियम आले: ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत. पण घेणाऱ्यांपैकी किती जण नोंदणीचा कागद मागतात? मी मागितला नव्हता. आमचा लाडू मी त्याच्याही आधी घेतला, एका ओळखीच्या माणसाकडून, पिशवीतून आणलेला. त्याची आई मी कधी पाहिली नाही. पाहावी असं सुचलंही नाही.

वहीतली पानं

आता वहीकडे येतो.

पहिली दोन वर्षं बेतशीर आहेत. खाणं, लसी, गोचिडांचं औषध. तिसऱ्या वर्षी ‘डोळ्याचे थेंब’ हे शब्द येतात आणि शेवटपर्यंत जात नाहीत. मग ‘चेहऱ्याच्या घड्या, मलम’. पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये बायकोच्या अक्षरात लिहिलंय, ‘एसी, फक्त लाडूसाठी’. आम्ही स्वतःसाठी कधी एसी घेतला नव्हता, बरं का!

लाडू घोरायचा. असा घोरायचा की पाहुणे हसायचे. आम्ही त्याचे व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवायचो. सहाव्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी फिरायला नेला आणि सोसायटीच्या फाटकाशीच तो आडवा झाला. जीभ निळी पडलेली. रिक्षात ओला टॉवेल गुंडाळून दवाखान्यात नेला. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी त्याला प्राणवायू लावला आणि नंतर आम्हाला समोर बसवून विचारलं, ‘हा रोज असाच आवाज करतो का?’ मी हसून म्हटलं, ‘हो, घोरतो फार.’ त्या म्हणाल्या, ‘हे घोरणं नाही हो. हा सहा वर्षं श्वास घ्यायला झटतोय.’

शस्त्रक्रिया झाली. नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा वाढलेला भाग कापला. वहीत नोंद आहे: अडतीस हजार. पिल्लाच्या किमतीच्या तिप्पट.

घरी आणल्यावर चार-पाच दिवसांनी मध्यरात्री मला जाग आली. बायकोही उठून बसली होती. खोलीत आवाजच नव्हता. दोघांच्याही मनात एकच आलं. मी अंधारात हात पुढे केला. लाडूची छाती वर-खाली होत होती, अगदी सावकाश. तो फक्त झोपला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा शांत झोपला होता.

तो पुढे तीन वर्षं जगला.

म्हणून मी बहिणीला म्हटलं होतं की आकडा उद्या सांगतो. डॉग डेंटच्या काळी हौसेचा खर्च मालक भरत होता. मग स्पर्धांच्या काळात आपण तो मोठा खर्च हळूच कुत्र्याच्या नावावर टाकला. त्याने तो नाकाने भरला, डोळ्यांनी भरला, पाठीच्या कण्याने भरला. आता दवाखान्याच्या बिलातून त्याचा थोडासा भाग आपल्याकडे परत येतो, आणि आपण म्हणतो, ‘बाई, केवढं महाग झालंय कुत्रं पाळणं!’

मनूला काय सांगितलं

शेवटी मी तिला फोन केला. महिन्याचा आकडा दिला, वहीतला, जसा आहे तसा. वर तीन गोष्टी सांगितल्या. एक, पिल्लू बघायला गेलीस तर आधी त्याची आई बघ. ती चार जिने चढून आली तर तिच्या श्वासाचा आवाज ऐक. दोन, नोंदणीचा कागद माग. तीन, सगळ्यात चपट्या तोंडाचं पिल्लू ‘भारी क्वालिटी’ म्हणून जास्त किमतीला दाखवतील, ते घेऊ नकोस. एल्ड्रिजच्या पंचवीस पौंडांची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, ‘दादा, मी कुत्रं घेतेय, पीएचडी नाही करत.’

पण गेली बघायला. आई दाखवा म्हटल्यावर तो माणूस म्हणाला, आई गावाला असते. ती परत आली. ओम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग त्याने मला फोन करून विचारलं, ‘मामा, लाडूला दुखायचं का रे?’

मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय सांगणार?

अजून त्यांचं काही ठरलेलं नाही. त्यांच्या सोसायटीत एका गावठी कुत्रीला पिल्लं झालीयेत, लांब नाकाची, आणि ओम रोज शाळेतून आल्यावर तिथे जाऊन बसतो एवढं कळलंय.

तर मंडळी, आज इथेच थांबूया. तुमच्या घरीही अशी एखादी वही असेल, किंवा वही नसली तरी आठवण असेल, तर नक्की लिहून कळवा. आणि घरात चपट्या नाकाचं कुणी घोरत असेल, तर आज रात्री जरा कान देऊन ऐका. भेटूया पुढच्या भागात. तोवर नमस्कार!